वेल्डऐवजी पॅनेल बाँड: थ्री-एम ८११५ कुठे लावावा आणि कुठे त्याला हातही लावू नये

गाडीच्या दाराचा बाहेरचा पत्रा कारखान्यात आतल्या सांगाड्याला बहुतेक वेळा चिकटवलेलाच असतो, हे अनेक गाडीमालकांना माहीत नसतं. पत्र्याची कड आतल्या फ्लँजवर, म्हणजे सांगाड्याच्या कडेच्या पट्टीवर, दुमडतात, त्या दुमडीत म्हणजे हेममध्ये इपॉक्सी भरलेलं असतं आणि ते रंगाच्या भट्टीत भाजून पक्कं होतं. त्यामुळे गॅरेजवाला ‘दाराची स्किन चिकटवून देतो’ म्हणाला की लगेच ‘जुगाड करतोय’ असं समजायचं कारण नाही. तोच गॅरेजवाला छताबद्दल किंवा छत पेलणाऱ्या पिलरबद्दल तसं म्हणाला, तर मात्र गाडी दुसरीकडे न्यावी. या दोन वाक्यांमधल्या जागेत थ्री-एमचा पॅनेल बाँडिंग अ‍ॅढेसिव्ह ८११५ नेमका कुठे बसतो, ते इथे पाहायचं आहे.

हे दोन भागांचं इपॉक्सी. २०० मिलिलिटरचं कार्ट्रिज, आत दोन कप्पे, मिश्रणाचं प्रमाण २:१. कार्ट्रिजला बसणारी खास गन लागते, सिलिकॉनची साधी गन चालत नाही. टोकाला मिक्सिंग नोझल बसवायचं. त्याच्या आतल्या पिळांमधून जाताना दोन्ही भाग मिसळतात आणि काळी पेस्ट बाहेर येते. पेस्टमध्ये काचेचे बारीक मणी असतात. क्लॅम्प कितीही आवळला तरी दोन पत्र्यांमध्ये ठरावीक जाडीचा थर उरावा, हे त्या मण्यांचं काम. सगळा माल बाहेर पिळून निघाला तर सांधा ‘उपाशी’ राहतो आणि तिथेच सुटतो.

२१ अंश सेल्सियसला काम करायला साधारण ६० ते ९० मिनिटं मिळतात, चार तासांनी क्लॅम्प काढता येतात आणि पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. हे आकडे थंड देशातल्या वर्कशॉपचे आहेत. इपॉक्सीचा ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रिया जवळपास दुप्पट वेगाने होते. नागपूरला मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ४१ अंश असले, तर दीड तासाचा वेळ वीस-पंचवीस मिनिटांवर येतो. डिसेंबरात पुण्यात रात्री पारा १२ वर उतरला, की संध्याकाळी लावलेले क्लॅम्प सकाळी काढायचे की नाही हे घड्याळावरून ठरवता येत नाही. अशा वेळी इन्फ्रारेड दिवा लावून पत्रा ६० अंशांच्या आसपास ठेवला, तर तासाभरात क्लॅम्प काढण्याइतकी पकड येते. तापमान हवेचं नाही, पत्र्याचं मोजायचं, आणि तेही हेमच्या जागेवर.

आता ताकद. या जातीच्या इपॉक्सीची शिअरमधली ताकद, म्हणजे दोन पत्रे एकमेकांवरून सरकवायला लागणारा जोर, साधारण २० मेगापास्कलच्या घरात धरता येतो. १२ मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर लांब सांधा धरला, तर कागदावर २४ किलोन्यूटन होतात. ०.८ मिलिमीटरच्या साध्या पोलादी पत्र्यावर एक स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे एका ठिपक्यावर वितळवून केलेला जोड, चार किलोन्यूटनच्या आसपास पेलतो आणि तेवढ्याच लांबीत असे दोन-तीन स्पॉट बसतात. म्हणजे सरकण्याच्या दिशेने बाँड वेल्डपेक्षा कमी तर नाहीच, उलट सांधा सुटण्याआधी पत्राच ताणला जाईल. ‘मग वेल्ड कशाला?’ हा प्रश्न इथूनच येतो आणि चूकही इथेच होते. वरचा हिशोब शिअरचा आहे. लिफाफ्याची चिकटवलेली कड कोपऱ्यातून उचलावी तसा पत्रा एका टोकाकडून उचलला जाऊ लागला, तर त्याला पील म्हणतात. पीलमध्ये सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो आणि सांधा चेनसारखा उघडत जातो. अपघातात पत्रे नुसते सरकत नाहीत, ते चुरगळतात, वाकतात, पिळले जातात. तिथे स्पॉट वेल्ड एक-एक करून सुटतो, तर सुरू झालेला पील सहसा मध्येच थांबत नाही.

म्हणूनच ८११५ बाहेरच्या, भार न पेलणाऱ्या पत्र्यांसाठी आहे: दाराची स्किन, क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा), व्हॅनच्या बाजू, पिकअपच्या हौद्याचा बाहेरचा पत्रा. पिलर, चॅसिस लेग, अ‍ॅप्रन, स्ट्रट टॉवर, रनिंग बोर्ड आणि पुढचा रेडिएटर सपोर्ट हे सांगाड्याचे भार पेलणारे भाग या यादीत येत नाहीत. जिथे कारखान्यानेच वेल्डबरोबर बाँड दिलेला असतो, तिथल्या धडक सोसणाऱ्या सांध्यांसाठी वेगळी, चिवट इपॉक्सी मिळतात. थ्री-एमचंच ७३३३ किंवा हेंकेलचं टेरोसन ईपी ५०५५ ही त्यातली. तीही गाडीच्या निर्मात्याने सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या रिव्हेट किंवा वेल्डसोबतच वापरायची. ७३३३ च्या जागी ८११५ मारणं म्हणजे ग्रेड ८.८ च्या बोल्टच्या जागी मिळेल तो बोल्ट घालण्यासारखं आहे. बसतो, आवळतो, पण तो त्या जागेचा नाही.

छताची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती थेट लागू पडते. अमेरिकेत डॅलसमध्ये ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्युरीने एका बॉडी शॉपवर ३.१५ कोटी डॉलरची जबाबदारी टाकली. गाडी २०१० ची होंडा फिट, म्हणजे आपल्याकडे जॅझ नावाने विकली गेलेली तीच गाडी. गारपिटीने छत खराब झालं होतं. होंडाच्या दुरुस्ती-पद्धतीप्रमाणे नवं छत स्पॉट वेल्ड करायला हवं होतं, शॉपने ते चिकटवलं. पुढे ती गाडी सेकंड हँड विकली गेली. २०१३ मध्ये अपघात झाला, छत सुटलं, केबिन दबली, गाडीने पेट घेतला आणि आतले दोघे गंभीर जखमी झाले. वेल्ड असते तर सांगाडा टिकला असता, हे वादींचं म्हणणं ज्युरीने मान्य केलं. या प्रकरणातून बॉडी शॉपच्या धंद्याने घेतलेला धडा बाँडच्या दर्जाबद्दलचा नाही. छताच्या पत्र्यालाही ‘स्किन’ म्हणतात, चिकटद्रव्याच्या पत्रकांतही छताचा उल्लेख असतो, पण गाडीच्या निर्मात्याचं पुस्तक वेल्ड म्हणत असेल तर तोच कागद वरचा. त्या गाडीत छत हा केवळ ऊन-पाऊस अडवणारा पत्रा नव्हता, दोन्ही बाजूंचे रेल एकमेकांना धरून ठेवणारा भाग होता.

हे एवढं सांगूनही दाराच्या स्किनसाठी आणि नियमात बसत असेल तिथे क्वार्टर पॅनेलच्या फ्लँजसाठी आमचं मत स्पष्टपणे ८११५ च्या बाजूने आहे. कारण गंज. ०.७ मिलिमीटरच्या पत्र्यावर गॅस किंवा सीओटू वेल्डिंग केलं की वरून ग्राइंडर आणि पटी (पुट्टी) मारून सगळं गुळगुळीत दिसतं. आतल्या बाजूला मात्र झिंक आणि ई-कोट (कारखान्यात दिलेला गंजरोधक थर) जळून गेलेला असतो आणि तिथे कोणाचा ब्रश पोचत नाही. रत्नागिरी किंवा वसईच्या हवेत दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात आणि मालक पेंटरला शिव्या घालतो, बिचाऱ्याचा काही दोष नसताना. शिवाय उष्णतेने पत्रा पोटात जातो, तो सरळ करायला पटीचा जाड थर लागतो आणि तो थर नंतर तडकतो. बाँडमध्ये हे काहीच होत नाही. उलट हेम पूर्ण भरलेली असेल तर पाणी आत शिरायला वाटच राहत नाही.

पण हे सगळं ‘तयारी नीट असेल तर’ या अटीवर. बाँड सुटलेली दारं येतात, त्यांत माल क्वचितच वाईट निघतो.

जुनी स्किन काढताना हेमची फक्त धार ग्राइंडरने घासायची. दुमडीचा कोपरा पातळ होऊन पत्रा सुटा होईपर्यंतच घासायचं, खालचं फ्लँज खायचं नाही. मग स्पॉट असतील ते ८ मिलिमीटरच्या स्पॉट कटरने सोडवायचे. फ्लँजवर उरलेली जुनी पट्टी आणि चिकटद्रव्य काढायचं, हातोडा आणि डॉलीने (मागून टेकू देणाऱ्या लोखंडी ठोकळ्याने) फ्लँज सरळ करायचं. यानंतर नवी स्किन कोरडीच बसवून दार गाडीवर लावून गॅप बघायचे. ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. माल लावल्यावर कळलं की मागच्या दाराशी गॅप वर ३ मिलिमीटर आणि खाली ६ आहे, तर मग घड्याळ तुमच्या विरुद्ध धावत असतं.

चिकटणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांवरचा ई-कोट, प्राइमर, झिंकचा सैल थर काढून उघडं, चकचकीत पोलाद दिसलं पाहिजे. ८० नंबरची डिस्क पुरते. नव्या स्किनवरचा काळा थर ‘कंपनीचाच आहे, राहू दे’ म्हणून ठेवला, तर बाँड त्या काळ्या थराला चिकटतो आणि तो थर पत्र्याला जेवढा धरून आहे तेवढीच सांध्याची ताकद राहते. घासल्यावर पुसायला चांगला वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, स्वच्छ पांढरं कापड, आणि पुसलेलं ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपायचं. सुट्टा थिनर आणि पेट्रोल नको, दोन्ही मागे तेलकट पापुद्रा सोडतात. कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर लाइनला पाणी आणि तेलाचा फिल्टर हवा, नाहीतर नुकत्याच पुसलेल्या पत्र्यावर आपणच तेलाचा फवारा मारतो. जुलैमध्ये कोकणात उघडं पोलाद दुपारपर्यंत तांबूस व्हायला लागतं, त्यामुळे सकाळी घासून संध्याकाळी चिकटवणं चालत नाही. घासलं की त्याच तासात लावायचं.

नोझल बसवायच्या आधी कार्ट्रिजमधून थोडा माल कागदावर दाबून काढायचा आणि दोन्ही तोंडांतून माल सुरू झालाय ना हे बघायचं. एका कप्प्याचा दट्ट्या जरा मागे असेल तर सुरुवातीला एकच भाग येतो. मग नोझल लावून पहिला दोन-तीन इंच माल फेकून द्यायचा. रंग एकसारखा काळा झाला, पट्टे दिसेनासे झाले, की पत्र्याकडे वळायचं. हा दोन इंचांचा माल वाचवणाऱ्याच्या दाराला खालच्या कोपऱ्यात चिकट, कधीच न वाळणारा पट्टा राहतो. सुरुवात बहुधा तिथूनच केलेली असते.

पहिला थर पातळ. ब्रशने किंवा स्पॅच्युलाने सगळं उघडं पोलाद झाकून टाकायचं, एक चमकदार ठिपकाही उरता कामा नये. हाच थर गंजापासून राखतो. त्यावर दुसरी सलग रेघ, सहाएक मिलिमीटर जाडीची. २०० मिलिलिटरमध्ये अशी रेघ हिशोबाने सात मीटर निघते. नोझलमध्ये राहणारा, फेकलेला आणि पहिल्या थराचा माल वजा केला तरी दाराच्या तीन बाजूंची, साधारण तीन मीटरची, हेम एका कार्ट्रिजमध्ये आरामात होते. क्वार्टर पॅनेलला चाकाच्या कमानीपासून डिकीच्या गटारापर्यंत धरलं तर एक पुरतं, पण दुसरं हाताशी ठेवावं. मधेच माल संपला आणि दुकान बंद असलं, तर काम टाकून देता येत नाही.

पत्रा टेकवला की उचलून परत बघायचा नाही. उचलला की मालात हवेच्या पोकळ्या शिरतात, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. जागा चुकली असेल तर सरकवायचा. मग हेम हातोडा-डॉलीने किंवा हेमिंग रोलरने थोडी-थोडी, सगळीकडून सारखी दुमडायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम नाही. सी क्लॅम्प आणि पकड दर १० ते १५ सेंटिमीटरला. बाहेर आलेला माल लगेच पुसायचा, नंतर तो छिन्नीशिवाय निघत नाही. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात. तिथला माल काडीने मोकळा करायचाच. विसरलात तर पहिल्याच पावसात दारात पाणी साठतं आणि ब्रेक मारला की ‘डबक’ असा आवाज येतो. तेवढ्यावरून घाबरून काच-मशीन खोलणारे लोकही आहेत.

एक चूक मात्र अनुभवी डेंटरही करतात. दाराच्या आत धडक अडवणारा आडवा पाइप असतो. पत्रा थरथरू नये म्हणून कारखान्यात त्या पाइप आणि स्किनच्या मध्ये मऊ, रबरासारख्या मालाचे गोळे टाकतात. स्किन बदलताना तेही परत टाकावे लागतात, आणि हातात गन असतेच, म्हणून तिथेही ८११५ टाकलं जातं. ते कडक होताना पत्र्याला आत ओढतं. पांढऱ्या गाडीवर लक्षात येत नाही, पण काळी किंवा गडद लाल गाडी उन्हात उभी केली की दारावर रुपयाएवढे खळगे एका रेषेत दिसतात. मग पटी, परत प्राइमर, परत रंग, आणि दोन महिन्यांनी खळगे पुन्हा हजर. तिथे अँटी-फ्लटर फोम किंवा मऊ सीलंटच वापरायचा.

क्वार्टर पॅनेलमध्ये जिथे पत्रा मधेच कापून जोडतात, उदाहरणार्थ मागच्या काचेशेजारच्या पट्टीत, तिथे तो सांधा चिकटवण्याऐवजी वेल्ड करायचा. बाँड त्या वेल्डपासून ३ ते ५ सेंटिमीटर लांब थांबवायचा. सीओटूच्या उष्णतेत इपॉक्सी जळतं, धूर येतो आणि वेल्डही भोकाळ होतो. कापलेला सांधा मागून पट्टी लावून चिकटवला, तर दिसायला सुरुवातीला सुरेख होतो. पण इपॉक्सी आणि पोलाद उन्हात सारखं फुगत नाहीत, आणि वर्षभरात रंगाखालून त्या सांध्याची सरळ रेघ उमटते. स्पॉट वेल्डिंग मशीन असेल तर फ्लँजवर बाँड ओला असतानाच स्पॉट मारता येतात. बऱ्याच नव्या गाड्यांच्या पुस्तकात हीच पद्धत दिलेली असते आणि दोन्हींची ताकद त्यात मिळते. बाँडने पत्रा विजेच्या दृष्टीने वेगळा पडतो, म्हणून क्वार्टरवर दिव्याची किंवा अँटेनाची अर्थिंग असेल तर ती मीटरने तपासायची. रात्री ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकतो, या तक्रारीचं मूळ कधी कधी इथे सापडतं.

काम जमलं की नाही हे दाराला न दुखावता कळण्याची एक स्वस्त युक्ती आहे, आणि चांगली शॉप्स ती दर कामाला करतात. काढलेल्या जुन्या स्किनच्या दोन पट्ट्या, बोटभर रुंद. दारासारख्याच घासायच्या, त्याच नोझलमधून, त्याच वेळी माल लावून चिमट्यात धरायच्या आणि दाराजवळच ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी एक टोक शिकंजात धरून मध्ये छिन्नी घालायची. पट्ट्या सुटल्यावर काळा माल दोन्ही पत्र्यांवर सारखा राहिला, तर फुटलंय ते इपॉक्सी, चिकट सुटलेला नाही. हे काम पास. एक पट्टी पूर्ण काळी आणि दुसरी आरशासारखी स्वच्छ निघाली, तर साफसफाई चुकली आहे. आतला माल नखाने दबतोय, तर मिश्रण चुकलंय किंवा थंडी नडली आहे. तीन वेगळे दोष, तीन वेगळे चेहरे, आणि तपासायला खर्च शून्य.

बाजूने बोलण्यासारखं बरंच असलं तरी या मालाची कटकट आहे. क्लॅम्प निघाले तरी पूर्ण ताकद येईपर्यंत २४ तास दार राखून ठेवावं लागतं, म्हणजे जागा अडते, आणि छोट्या गॅरेजला जागाच सगळ्यात महाग. वेल्डचं दार त्याच संध्याकाळी पेंटरकडे जातं. गन वेगळी घ्यावी लागते, दर कामाला नवं नोझल लागतं. उरलेला माल कार्ट्रिजमध्ये टिकतो, फक्त वापरलेलं नोझल काढून टाकायचं नाही, तेच झाकण म्हणून ठेवायचं आणि पुढच्या वेळी नवं बसवायचं. पण कार्ट्रिजवरची मुदत बघायची, आणि दुकानदाराने ‘चालतं हो’ म्हटलं तरी मुदत संपलेलं घ्यायचं नाही. हातात नायट्राइल मोजे हवेतच. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जन्मभराची, आणि थिनरने हात धुतले तर ती लवकर जडते.

एम-सील किंवा घरगुती अराल्डाइटने हेच काम स्वस्तात होईल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. टाकीची गळती आणि तुटलेली मूठ यासाठी ते उत्तम आहेत, पण हेमच्या कामाला लागणारे मणी, लवचीकपणा आणि एवढा मोकळा वेळ त्यांत मिळत नाही. दार रोज दहा वेळा आपटलं जातं आणि खडबडीत रस्त्यावर सतत हादरतं.

गाडीमालकाने गॅरेजवाल्याकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात. पहिली, माल लावायच्या आधी उघड्या पोलादाचा फोटो. दुसरी, बिलावर ‘डोअर स्किन, पॅनेल बाँड’ असं लिहिलेलं. इपॉक्सी हीट गनने २०० अंशांच्या पुढे तापवलं की मऊ होतं, आणि पुढच्या खेपेला स्किन काढायची ती अशीच. पण चिकटवलेलं आहे हे माहीत नसलेला डेंटर शेजारचा पोचा काढायला तिथे गॅसचा बर्नर फिरवतो आणि धड असलेली हेमही सोडवून ठेवतो.